एकट्या जाऊबाईचा संसार

लघवी उकळते, हे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. मी आयुष्यभर ती उकळली. लोक सकाळी उठून चहाचं आधण ठेवतात, मी स्पिरिटचा दिवा पेटवून काचेची नळी धरायची. माझी भाची म्हणाली, "मावशी, दिवाळी अंकात लिहायचंय तर जरा बऱ्या विषयावर लिही, लोक फराळ करता करता वाचतात." मी म्हटलं, वाचू देत की. फराळ पचला की सगळ्यांना तिकडंच जायचं आहे.

माझा दवाखाना घोडनदीला होता. घोडनदी म्हणजे शिरूर. कागदोपत्री शिरूर, पण त्या काळात एसटीचा कंडक्टरसुद्धा घोडनदीच ओरडायचा. एकोणीसशे पन्नास उलटून थोडी वर्षं झाली होती. बाई माणूस, डॉक्टर, एकटी राहणारी आणि तोंडाची फटकळ, हे सगळं गावाला एकदम पचणं कठीण होतं. पण बायकांना बाई डॉक्टर हवी होती, त्यामुळे पुरुषांनी मुकाट्याने मला पचवलं. सगळे 'बाई'च म्हणत. आजही कुणी मागून 'बाई' अशी हाक मारली की माझा हात आपोआप गळ्यातला स्टेथोस्कोप शोधतो.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीत, फासळ्यांच्या खालच्या अंगाला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मूत्रपिंडं असतात. कुणी किडनी म्हणतं, मटणवाले गुर्दा म्हणतात. रक्त त्यांच्यातून गाळून निघतं. नको ते लघवीवाटे बाहेर जातं आणि हवं ते रक्तात राहतं. या हव्या गोष्टींत एक असतं प्रथिन, अंड्यातल्या पांढऱ्याच्या जातीचं. गाळणी बिघडली की ते लघवीत उतरतं. अंडं तापवलं की पांढरं होऊन गोठतं ना, तसंच हेही गोठतं. म्हणून नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग दिव्यावर धरायचा, उकळी आली की आम्लाचे थेंब टाकायचे. साधा गढूळपणा असेल तर तो आम्लानं विरून जातो. प्रथिनाचा पांढरा ढग विरत नाही, उलट बसून राहतो. नळी नितळ राहिली की आपण सुटलो. आजकाल कागदाची पट्टी बुडवून रंग बघतात म्हणे. बघोत बापडे, मला त्यात काही गंमत वाटत नाही.

या तपासणीत सगळ्यात अवघड काम उकळण्याचं नव्हे, पेशंटकडून लघवी मिळवण्याचं. आमची माणसं इतकी शिष्टाचाराची की डॉक्टरला काही द्यायचं म्हणजे चांगलंच द्यायला पाहिजे, अशी त्यांची समजूत. वरवंडचे एक आप्पा होते, लेकीकडे घोडनदीला आले की मला दाखवून जायचे. त्यांना बाटली दिली. दुसऱ्या दिवशी भरून आणली. तपासली तर लग्नाच्या नवरदेवाला शोभेल अशी. मला शंका आली. विचारलं, "आप्पा, ही तुमचीच ना?" तर म्हणतात कसे, "न्हाई बाई. आमची आता जुनी झाली. जावयाची आनली, ताजी हाय." मी कपाळाला हात लावला. दुसरी एक मास्तरीणबाई. तिनं ती स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळून आणली, का तर बाईंना घाण दिसू नये! जे मला बघायचं होतं ते सगळं तिच्या फडक्याला. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी फडकं घेऊन ये, लघवी घरी ठेव. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

हसू नका, याच शिष्टाचारानं एकदा माझ्या पायाखालची जमीन सरकवली होती. तेच सांगायला बसले आहे.

जुबेदा आमच्या गावातल्या मणियारांची सून. मणियार म्हणजे बांगड्या भरणारे. तिचा नवरा कासम खांद्यावर बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करायचा, कवठे येमाई, न्हावरा, दौंड. सासू हलिमाचाची घरी बसून बांगड्या भरायची. अख्ख्या घोडनदीच्या बायकांची मनगटं चाचीच्या हातातून गेलेली. बाईचा हात एकदा दाबून बघायची आणि डोळे मिटून माप काढायची. बोलायला एकदम कडक आणि मनानं तितकीच मऊ. आमच्या दोघींचं चांगलं जमायचं, कारण दोघी एकमेकींवर ओरडायचो.

जुबेदाच्या लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चाची तिला घेऊन आली ती त्यासाठी. पण मी विचारत गेले तसं जुबेदानं खाली मान घालून सांगितलं, "बाई, मधनंमधनं लघवीला लाल होतं. दुखत काय न्हाई." दुखत नाही म्हणाली आणि मी तिला लगेच टेबलावर झोपवलं. दुखून रक्त आलं तर बहुधा खडा असतो. न दुखता आलं तर डॉक्टरनं घाबरावं. पोटावर डाव्या अंगाला हात ठेवला, तर बोटांना गाठ लागली. त्याच आठवड्यात तिला पुण्याला पाठवलं. तिथल्या सर्जननी डावं मूत्रपिंड काढून टाकलं. गाठ कॅन्सरची निघाली. एवढ्या तरुण बाईला हा रोग सहसा होत नाही, सर्जनही चकित झाले. नशीब एवढंच की गाठ मूत्रपिंडाच्या आवरणाच्या बाहेर पडली नव्हती.

टाके सुकल्यावर ती परत आली. त्या काळी पुढं काही औषध नसायचं. करायचं काय, तर राखण. रोग परत डोकं वर काढतो का ते बघायचं आणि उरलेलं मूत्रपिंड टिकतं का ते बघायचं. दर महिन्याला लघवी, रक्तदाब, वजन. अधूनमधून रक्त पुण्याला पाठवून त्यातलं युरियाचं प्रमाण बघायचं. मीठ बेतानं, पाणी भरपूर, आणि अंगदुखीच्या पुड्या अजिबात नाहीत.

हे सगळं हलिमाचाचीला समजावणं माझ्यावर आलं. ती समोर बसली होती, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "बाई, देवानं दोन दिले हुते. एक गेला. आता अर्ध्या मान्सासारखी जगनार का ही?"

मी म्हटलं, "चाची, तुमच्या घरात दोन जावा होत्या ना? तुम्ही आणि तुमची धाकटी?"

"व्हत्या की."

"धाकटी वेगळी झाली तेव्हा काय झालं? चूल अर्धी पेटायला लागली? भाकऱ्या निम्म्या झाल्या?"

"छ्या! समदं माझ्या अंगावर पडलं. पयले सा महिने कंबर मोडली, मग झाली सवय."

"झालं तर मग. हिच्या पोटात आता एकच जाऊ राहिली आहे. ती दमेल, कुरकुरेल, पण हळूहळू अंगानं भरेल आणि दोघींचं काम ओढेल. आपण फक्त तिचा छळ करायचा नाही."

खरोखर असंच होतं. उरलेलं मूत्रपिंड काही महिन्यांत आकारानं मोठं होतं आणि पुष्कळसं काम आपल्या अंगावर घेतं. पहिल्या वेळी जुबेदाच्या रक्तातला युरिया थोडा चढलेला होता. सहा महिन्यांत उतरला आणि तिथंच थांबला. पण मी मारलेली उपमा मला चांगलीच भोवली. त्या घरात मूत्रपिंडाला जाऊबाई हेच नाव पडलं. भर बाजारपेठेत चाची मला लांबून ओरडून विचारायची, "बाई, कालचं बघितलं का? जाऊबाई कशी हाय?" मीही ओरडायची, "झकास आहे, कामाला लागली आहे!" दुकानदारांना वाटे मणियारांकडे कुणी पाहुणी आली आहे.

घरातही गंमतच. जुबेदानं लोणच्याला हात लावला की कासम म्हणायचा, "जाऊबाईला विचारलंस का?" सासू-सुनेचं भांडण जुंपलं की जुबेदा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अम्मा, मला बोला, पर जाऊबाईला तरास देऊ नका." आणि चाचीला हसू फुटायचं. मी पुष्कळ घरांत आजार बघितला, पण आजाराला असं घरचं नाव देऊन पाटावर बसवलेलं दुसरीकडं बघितलं नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. वढू बुद्रुकच्या बाजूचा एक शेतकरी होता, गुलाब आणि कांदे करणारा, तब्येतीनं पहिलवान. त्याचंही असंच एक मूत्रपिंड काढलेलं. ऑपरेशननंतर एकदा आला, लघवी नितळ निघाली, म्हणाला, "मला काय धाड भरलीया?" आणि गेला तो गेलाच. दिवसभर वाकून पाठ दुखायची म्हणून रोज दुकानातल्या पुड्या खायचा. परत आला तेव्हा तोंड सुजलेलं, दम लागलेला, नळीतली लघवी गोठून घट्ट. तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं, आजच्यासारखी रक्त धुणारी यंत्रं नव्हती. त्याला मी वाचवू शकले नाही. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, त्यास्नी कायबी हुत नव्हतं वो." हाच तर या दुखण्याचा दुष्टपणा, बिघाड खूप पुढं जाईपर्यंत माणसाला काही होतच नाही. म्हणून मी जुबेदाच्या मागं हात धुऊन लागले होते.

ऑपरेशनला पाच वर्षं होत आली. जुबेदाचा एक महिना चुकला नाही. नळी नितळ, रक्तदाब कुणीही हेवा करावा असा, गाठीचा मागमूस नाही. आणि एक दिवस तपासणी संपल्यावर ती उठेचना. म्हणाली, "बाई, मला पोर पाहिजे."

मी म्हटलं, "गप्प बस."

"गप बसते. पर पाहिजे."

मी तिच्यावर भरपूर ओरडले. गरोदरपणात चांगल्या दोन मूत्रपिंडांनासुद्धा घाम फुटतो, हे तिला सांगितलं. रक्तदाब चढला, प्रथिन उतरलं, तर आईही जाते आणि मूलही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हनला, जाऊबाई अंगानं भरली, दोघींचं काम करतीया. पाच वर्सं तिनं एकटीनं घर चालवलं. आता एक पाव्हना आला तर त्याला काय जेवायला घालनार न्हाई व्हय?"

माझीच उपमा माझ्या गळ्यात! कासमला बोलावून घेतलं. तो बिचारा दाराशीच उभा राहिला. रोज दुसऱ्यांच्या लेकीसुनांच्या सातव्या महिन्याला हिरवा चुडा भरणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या घरात तो दिवस कधी आला नव्हता. पण म्हणाला, "बाई, मला पोर नको. मला ही पाहिजे." जुबेदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "मला दोन्ही पाहिजेत."

मी स्वतः पुण्याला जाऊन सर्जनना विचारलं. त्यांनी तिचे सगळे जुने कागद पुन्हा चाळले. म्हणाले, "रोग परत आलेला नाही, किडनी उत्तम आहे. होऊ शकेल. पण डॉक्टर, लघवीत अल्ब्युमिन दिसलं की त्या दिवशी तिला इथं आणायचं. मूल किती महिन्यांचं आहे ते बघायचं नाही. आपल्याला बाळंतपण तिथल्या तिथं उरकावं लागेल." अल्ब्युमिन म्हणजे तेच ते प्रथिन. आणि सातव्या महिन्यात मूल बाहेर आलं तर त्या काळी ते हाती लागण्याची आशा धरू नये.

तिला दिवस गेले. मी त्या घरावर पहारा बसवला म्हणा ना. जुबेदा दर आठवड्याला दवाखान्यात यायची, माझ्यासमोर बाटली घ्यायची, माझ्यासमोर द्यायची. नळी नितळ. पुन्हा नितळ. सातव्या महिन्यात सातवासा, म्हणजे त्यांच्याकडचं डोहाळजेवण, झाला. चाचीनं स्वतःच्या हातानं सुनेला हिरवा चुडा भरला. साऱ्या गावाला बांगड्या भरणारी ती बाई, त्या दिवशी तिच्याच हातून दोन बांगड्या मोडल्या. बायका म्हणाल्या, राहू द्या, कासम भरेल. चाची म्हणाली, "हात लावून दाखवा कुनी!"

नंतर पद्धतीप्रमाणं जुबेदा पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली, दौंडला. तिचे वडील रेल्वेत होते, रेल्वेच्या चाळीत राहायचे. मला ते सोयीचं वाटलं, कारण दौंडहून पुण्याची गाडी केव्हाही मिळते. दर गुरुवारी कासमचा दौंडला फेरा असायचाच. ठरलं असं की मी कोरी बाटली द्यायची, त्यानं ती जुबेदाकडं पोचवायची आणि भरून दुपारपर्यंत माझ्याकडं आणायची. रक्तदाब दौंडचे एक डॉक्टर बघणार होते.

पहिल्या गुरुवारी कासम आला. बांगड्यांची पेटी खाली ठेवली, कोपरीच्या खिशातून बाटली काढून दिली आणि घाम पुसत बाकावर टेकला. मी गप्पा मारतच नळीत लघवी ओतली, जराशी गढूळ होती, ती दिव्यावर धरली. उकळी आली आणि नळीत पांढरा ढग उठला.

मी आम्ल टाकलं. ढग विरेना. उलट त्याचे कण झाले, कण खाली बसायला लागले. दुसरी नळी घेतली. तेच. मी कासमकडं पाठ करून उभी राहिले, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता. वढूचा तो पहिलवान माझ्या डोळ्यांपुढं आला. सातवा महिना. आज पुण्याला नेलं तर मूल गेलं. नाही नेलं तर दोघंही. मी त्या वेळी देवाला फार काही मागत नसे, पण तेव्हा मागितलं.

कासमनं विचारलं, "बाई, जाऊबाई बरी हाय ना?"

मी म्हटलं, "ऊठ. दौंडला जायचंय. चाचीला सांग."

एसटीत आम्ही तिघं बसलो. मी, कासम आणि मांडीवर गाठोडं घेतलेली चाची. माझ्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, स्पिरिटचा दिवा, नळ्या आणि ती सकाळची बाटली. जुबेदाला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं पुणं गाठायचं, असं मी ठरवलं होतं. एरवी चाची एसटीत बसली की ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. त्या दिवशी ती गाठोड्याची गाठ सोडत आणि परत बांधत बसली. भीमा ओलांडली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बाई, दोघांतलं एक तरी ऱ्हाईल ना?" मी तिचा हात धरला. बांगड्या भरून भरून बोटांना घट्टे पडलेले, माझ्याहून दसपट मजबूत हात, पण बर्फासारखा गार.

रेल्वेच्या चाळीत पोचलो तर ओट्यावर जुबेदा बसलेली. मांडीवर सूप, सुपात शेंगा, आणि शेजारणीशी खिदळत होती! आम्हाला तिघांना एकदम बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मी तिला थेट आत नेलं, आडवी केली, दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब बघितला. उत्तम. परत बघितला. उत्तम. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडत नाही. डोळ्यांखाली बघितलं, सूज नाही. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का? "न्हाई बाई. भूक लागतीया निस्ती."

मला काही उलगडेना. एवढं प्रथिन उतरतंय आणि अंगावर त्याची खूणच नाही?

तेवढ्यात चाचीनं सुनेचा हात धरला आणि तिचा कितीतरी वेळ दाबून ठेवलेला सगळा जीव रागातून बाहेर पडला. "ह्ये काय ग? मी मापात भरल्या हुत्या! आन् ह्या बघा, मनगटावरनं कोपराकडं पळत्यात! माहेरात जेवायला घालत न्हाईत का तुला?"

जुबेदाची आई तावातावानं म्हणाली, "न घालायला काय झालं? दिवसातनं चारदा जेवतीया!"

विहिणी भांडत राहिल्या. मी त्या हिरव्या बांगड्यांकडं बघत होते. प्रथिन असं वाहून गेलं तर पाणी अंगात साचतं, हात सुजतात, बांगड्या मनगटात रुततात. कितीतरी बायकांच्या बांगड्या मी स्वतः अशा वेळी साबण लावून उतरवल्या होत्या. इथं तर त्या खेळत होत्या. मी म्हटलं, "सगळ्या गप्प बसा. जुबेदा, हा पेला घे, उकळत्या पाण्यानं धुऊन घे, आणि आत्ता मला लघवी दे."

ओसरीवर पाट मांडला, दिवा पेटवला, नळी धरली. जुबेदाची आई, चाची, कासम, शेजारीण, सगळे गोल करून उभे. उकळी आली. नळी नितळ. आम्ल टाकलं. नितळ! मी नळी उजेडाकडं धरली. घोडनदीच्या दवाखान्यात इतक्या नळ्या बघितल्या, पण इतकी सुंदर नळी मी आयुष्यात बघितली नाही.

"ती बाटली," मी म्हटलं. "सकाळची बाटली. तिच्यात आधी काय होतं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जुबेदाची आई म्हणाली, "काय म्हंजी? दूध हुतं की. तुमच्याकडनं आलं त्ये. मी काढून घेतलं आन् बाटली हिच्या हातात दिली."

"माझ्याकडून? मी कशाला दूध पाठवीन?"

कासम म्हणाला, "बाई, म्या बाटली अम्माकडं ठिवली हुती रातच्याला. सकाळी तिनं दिली, गुंडाळून."

सगळ्यांच्या नजरा चाचीकडं वळल्या. चाचीनं पदर सावरला आणि अजिबात न डगमगता म्हणाली, "मंग? व्याह्यांच्या घरी रिकामी बाटली पाठवू व्हय? लोक काय म्हनतील? शेळीचं धारोष्ण दूध घातलं, पोरीच्या पोटात जाईल म्हनून. बाटली कोरीच हुती की!"

"अहो, आणि तुम्ही?" मी जुबेदाच्या आईकडं वळले. "तुम्ही बाटली धुतली नाहीत?"

ती दुखावली गेली. "दुधाची बाटली ती. दूध काय घान असतंय?"

म्हणजे मी घोडनदीला स्पिरिटच्या दिव्यावर हलिमाचाचीच्या शेळीचं दूध नासवत बसले होते. दुधातही प्रथिनच. उकळून आम्ल टाकल्यावर ते फाटणार नाही तर काय करणार? तळाशी चमचाभर राहिलेलं असणार, तेवढ्यानं मी एका मुलाचा जीव घेतला असता, संध्याकाळची गाडी पकडून.

मी तोंड उघडलं ते ओरडायला. चांगल्या शिव्या तयार होत्या. पण तोंडातून हसू बाहेर पडलं. असं हसू की मला खाली बसावं लागलं. मग जुबेदा हसायला लागली, पोट धरून, मी तिला "हळू, हळू" म्हणत होते आणि स्वतःच थांबत नव्हते. कासम भिंतीला टेकून रडत होता. शेवटी सगळं कळल्यावर चाची मट्‌कन पाटावर बसली आणि म्हणाली, "या अल्ला! म्या शेळीला दोष द्यावा का मला?" आणि ती हसली की रडली, ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारणीनं सगळ्यांना चहा केला. चहात तेच दूध होतं.

पुढं फारसं नाटक झालं नाही. त्यानंतर दर गुरुवारी मीच दौंडला गेले. पेला माझा, पाणी माझं, नळी माझी. चाचीला बाटलीच्या आसपास फिरकायची मनाई होती. नववा महिना लागल्यावर जुबेदाला पुण्याला हलवलं आणि तिथं मुलगी झाली. धष्टपुष्ट, काळीभोर जावळं, आणि आवाज थेट आजीचा. कासम पाळण्यापाशी उभा राहिला. मग त्यानं पोरीचं मनगट चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाला, "एवढ्या मापाची बांगडीच न्हाई माझ्याकडं."

बाळंतपण झालं म्हणून राखण संपत नाही. ओझं उतरल्यावर ती एकटी जाऊबाई पूर्ववत उभी राहते का, हे पुढं काही आठवड्यांनी कळतं. तोवर माझा जीव टांगलेलाच होता. जुबेदा सवा महिना झाल्यावर घोडनदीला परत आली आणि लेकीला कडेवर घेऊन थेट दवाखान्यात. मागं चाची. नातीसाठी चाचीनं कुठूनतरी बारकीशी बांगडी पैदा केली होती, काचेची, हिरवी.

जुबेदानं माझ्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. सारख्याच. एक मी दिलेली. दुसरी ती सुप्रसिद्ध, त्या दिवशी दौंडला त्यांच्याकडंच राहिलेली. दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

"ह्ये काय?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"अम्मा म्हनल्या, बाईंची बाटली परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची?" ती म्हणाली. "ही तपासायची, आन् ही प्यायची. तेवढं बघून घ्या बाई."

मी दिवा पेटवला. चाचीनं माझ्याकडं न बघता नातीकडं बघायचं ठरवलं होतं, पण तिचे ओठ हलत होते. उकळी आली, आम्लाचे थेंब टाकले, नळी खिडकीकडं धरली. नितळ. नंतर मी घोडनदी सोडेपर्यंत, साठचं दशक संपत आलं तोवर, ती नळी तशीच नितळ राहिली. पण ते पुढचं. त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "चाची, जाऊबाई झकास आहे."

"मला ठावं हुतं," चाची म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग मी दिवा विझवला नाही. त्याच्यावर छोटं पातेलं ठेवलं, दुसऱ्या बाटलीतलं दूध ओतलं, पण आधी, चाचीच्या डोळ्यांदेखत, बाटलीचा चांगला दोनदा वास घेतला.